शालूच्या दारातली टिटवी

फोन सकाळीच आला. माझ्या मैत्रिणीचा, शालूचा मुलगा निखिल. त्याला मराठी सगळं कळतं, बोलतो मात्र हिंदीच. "मौसी, आई नहीं रहीं…" एवढं सांगून मग हळूच म्हणाला, "आप पीछे से आना." मोहालीहून चंडीगडच्या सेक्टर तीसपर्यंत रिक्षात मी रडले ती या दुसऱ्या वाक्यानं. आई गेलेलं पोर, आणि त्याही घडीला त्याला तिच्या टिटवीची काळजी!

झालं होतं असं, की फाटक आणि पुढचं दार यांच्यामधल्या खडीत टिटवीनं अंडी घातली होती. शालूनं त्याच दिवशी फाटकाला कुलूप लावलं, गाडी रस्त्यावर काढली आणि फर्मान सोडलं, सगळ्यांनी मागच्या गल्लीतून, स्वयंपाकघरातून यायचं. दूधवाल्यानं, कामवालीनं, मीसुद्धा. "अगं, गुडघे दुखतात माझे, केवढा वळसा!" म्हटलं, तर म्हणाली, "चाल जरा. वजन उतरेल." असली तिची जीभ. पण यजमान गेल्यापासून इतकी खुशीत मी तिला पाहिली नव्हती. रोज खिडकीशी चहा घेऊन बसायची… टिटवी बसलीय ना, एवढंच बघायला.

तिचे थोरले भाऊ, दादा, अमरावतीहून सुट्टीला आले होते. त्यांना हे अजिबात खपेना. "दारात टिटवी ओरडली की घरातलं माणूस जातं. हाकल ती अवलक्षणी!" शालू हसायची. "दादा, ती मांजरावर ओरडतेय. यम तिला कुठला दिसतोय!"

आणि मग शालू झोपेतच गेली. मी पोचले तेव्हा दादा म्हणत होते, "सांगत होतो की नाही मी?" माझं डोकंच फिरलं. "दादा, हृदय थकलं होतं तिचं. पाखराला कशाला बोल लावता?" पण ते हट्टाला पेटले. "माझी बहीण पुढच्या दारानंच जाईल. मागच्या दारानं चोर जातात." बाहेर सगळा शेजार जमला होता. एवढी माणसं त्या खडीतून गेली असती तर एक अंडं वाचलं नसतं. निखिल आईच्या उशाशी बसून नुसता मामांकडे बघत होता.

दादांनी ताडकन पुढचं दार उघडलं. नर त्यांच्या डोक्यावरून झेपा घालू लागला, टिटीव टिटीव करत. मादी मात्र अंड्यांवरून हलली नाही. दादा एक पाऊल पुढे गेले, आणखी एक. चोच उघडी टाकून, भर उन्हात, ती त्यांच्याकडे बघत बसून राहिली. बराच वेळ ते तसेच उभे होते. मग आत आले, दार लोटलं. "उठतच नाही गं ती," मला म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ढसाढसा रडले.

स्वयंपाकघरातलं टेबल, गॅसची टाकी, सगळं बाजूला सारावं लागलं. दादांनी आणि निखिलनं पुढून खांदा दिला. मागच्या गल्लीत शेजारच्या सरदारजींनी मोठ्यानं "राम नाम सत्य है" म्हटलं, तसे दादा थांबले. ओठांवर बोट ठेवून म्हणाले,

"हळू, जी… पुढे बाळंतीण बसलीय."

सरदारजींना बाळंतीण काय कळली असेल कोण जाणे. पण सगळ्यांनीच आवाज उतरवला.