कव्हराच्या आतल्या ओळी

लेकीच्या पुस्तकांना कव्हर घालायला बसले. ब्राऊन पेपरचा कोरा वास आला आणि मस्कतमधलं, अझैब्यातलं अब्बांचं दुकान आठवलं. अब्बा शाळेची पुस्तकं विकायचे आणि कव्हरही स्वतःच घालून द्यायचे. घालण्याआधी कागदाच्या आतल्या बाजूला आपल्या कवितेच्या दोन ओळी लिहायचे. कविता एकच, लांबलचक; प्रत्येक पुस्तकाला तिच्या पुढच्या दोन ओळी. स्वतःजवळ काही ठेवायचे नाहीत. "पोरांच्या दप्तरात सुखरूप आहे," म्हणायचे.

मग अर्बाबानं, ज्याच्या नावावर दुकान होतं त्या ओमानी मालकानं, ते विकलं आणि आम्हाला रत्नागिरीला परतावं लागलं. निघायच्या दिवशी दुपारी अब्बा, मुलांनी परत विकलेल्या जुन्या पुस्तकांचा ढीग वेड्यासारखा उपसत होते. बहुतेकांवर आता प्लास्टिकची कव्हरं होती. एसी बंद होता, घामेजलेली बोटं कागदाला चिकटत होती.

"अब्बा, खलास! चला ना आता," मी वैतागून म्हटलं. मला विमानाची काळजी होती. त्यांचं काय सुटत चाललं होतं, ते आज कळतं.

अखेर एक ब्राऊन कव्हर सापडलं. अब्बांनी ते उलटलं, दोन ओळी वाचल्या, परत वाचल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "याच्या पुढे काय होतं गं, बाय?"