मास्तरांच्या दहा उठाबशा

आपण जाड होतोय हे शिंप्याला सगळ्यांत शेवटी कळतं. इतरांना पँट आवळते. मास्तर स्वतःच शिंपी, त्यांची कधी आवळलीच नाही. जरा काचली, की दुपारी गिऱ्हाईक नसताना कमरेच्या शिवणीत राखलेली जादा कापडाची माया उसवायची आणि बोटभर सैल करून घ्यायची. अशी वीस वर्षं गेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सगळ्या गावाची मापं वहीत, स्वतःचं तेवढं कुठेच नाही.

एक दिवस वकिलांच्या नव्या पँटची लांबी घ्यायला मास्तर गुडघ्यावर बसले, टाचण्या लावल्या आणि उठायला गेले, तर उठवेना. शेवटी वकिलांनीच काखेत हात घालून त्यांना उभं केलं. वकील हसले नाहीत, हे मास्तरांना जास्त लागलं.

त्या दिवसापासून खाली बसणं बंद. मास्तर गिऱ्हाइकांना जुनी पँट आणायला सांगू लागले आणि तिच्यावरून लांबी धरू लागले. जुन्या पँटी धुऊन धुऊन आटलेल्या, त्यामुळे नव्याही आखूड. महिन्यात चार परत आल्या. मास्तरांची पँट बुटावर जिथे पडायला हवी तिथेच पडते, अशी त्यांची ख्याती होती. तीच गेली, तेव्हा ते बायकोला म्हणाले की आता दुकान बंद करावं झालं.

हे मुलीच्या कानावर गेलं. मुलगी नर्स आणि जिभेने फटकळ. तिने घरी येऊन बापाच्या कमरेचं माप टिपून घेतलं आणि सगळा व्यायाम करून दाखवला: हात न टेकता खुर्चीतून दहादा उठायचं, भिंतीला तळवे लावून रेटायचं, ओट्याला धरून टाचा उचलायच्या, जागच्या जागी चालायचं. उड्या नाहीत, पळापळ नाही. मास्तर पुटपुटले, की शाळेत ह्याला शिक्षा म्हणायचे.

"तिथे उठाबशा कमी पडल्या, म्हणून आता काढायच्या," मुलगी म्हणाली.

पहिल्या दिवशी चौथ्या खेपेलाच धाप लागली. बायको भाजी चिरता चिरता आकडे मोजायची आणि दया येऊन सहानंतर एकदम नऊ म्हणायची. मास्तर ऐकून न ऐकल्यासारखं करत. तिसऱ्या आठवड्यात मात्र त्यांनीच तिला बजावलं, की नीट मोज.

दोन महिन्यांनी मुलीने बापाच्या कमरेला टेप लावला. अर्धा इंच कमी. मास्तरांचा चेहरा पडला.

"दोन महिने घाम गाळून अर्धा इंच? एवढं तर मी एका दुपारी उसवतो."

मुलगी पिशवीतून आणलेली गणवेशाची नवी पँट घालून आली आणि त्यांच्यापुढे उभी राहिली. "बाबा, लांबी घ्या."

मास्तर जरा वेळ फरशीकडे बघत राहिले. भीती होतीच. मग सतरंजीची घडी टाकून एक गुडघा टेकला, खडूची रेघ ओढली, टाचण्या लावल्या. एक पाय पुढे घेतला, मांडीवर हात दाबला आणि सावकाश, कुणाचाही हात न धरता, उभे राहिले. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत.

"एक," बायकोने ओट्याजवळून मोजलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या मास्तरांनी वकिलांना निरोप धाडला. जुनी पँट आणू नका, तुम्हीच या.