दगडी बंगल्यातली मोहनमाळ

अन्याय झाला तो मेंदी काढणाऱ्या एका बाईवर. झाला भर लग्नात, अक्षता पडून पहिली पंगत बसली तेव्हा, आणि तोही माईकवरून. ती दुपार माझ्या डोक्यातून गेलेली नाही. मी ती जाऊही देणार नाही.

तेव्हा मी देहूरोडच्या बाजूच्या एका ठाण्यात अधिकारी होतो. पुढे नियमात बसताच स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता मित्रांबरोबर पत्रकं लिहितो आणि चौकात उभा राहून वाटतो. लोक म्हणतात, तुमची भाषा कडू असते. असू द्या. पंचनाम्यात साखर घालायची सवय मला कधीच नव्हती.

नावं कुणाचीच घेत नाही. आमच्या हद्दीत गोऱ्या साहेबाच्या काळातला एक दगडी बंगला आहे. उंच छत, चारी बाजूंनी व्हरांडा, प्रत्येक खोलीला दोन दारं. आता तिथं लग्नं, साखरपुडे आणि कंपन्यांच्या पार्ट्या होतात. त्या दुपारी तिथूनच फोन आला. "साहेब, चोर पकडलाय. घेऊन येतोय." चोर आधी आणि तक्रार मागाहून! माझं डोकं तिथंच सटकलं.

गाडीतून नवरीचा भाऊ उतरला. चऱ्होलीचं जुनं घर, फेटा तसाच डोक्यावर. मागे दोन मित्र आणि त्यांच्या मध्ये दापोडीची ती मेंदीवाली. मी तिला बोलावलं नव्हतं; तिला धरून आणलं होतं.

"आईची मोहनमाळ गेली, साहेब. नवरीच्या खोलीला दार एकच. बाहेरची ही एकटी आत व्हती, पोरींच्या हातावर मेंदी काढत. आनखी काय पुरावा पायजे?"

"घरातलं कोण कोण आत गेलं होतं?"

"घरातली मानसं चोरी करत्यात व्हय?"

मी बाईंना पाणी दिलं, महिला हवालदारांना शेजारी बसवलं आणि विचारलं. ती रडली नाही, सरळ सांगू लागली. "साहेब, यांनी माझी पिशवी सगळ्या मांडवासमोर उलटी केली. मेंदीचे कोन निघाले, निलगिरीची बाटली निघाली. माळ नाही निघाली, तर म्हणतात गिळली असेल. माईकवरून माझं नाव घेतलं. आता मला कोण दारात उभं करणार?"

तेवढ्यात नवरीच आली. शालू, मुंडावळ्या, सगळं तसंच. चाकणच्या कंपनीत नोकरी करणारी मुलगी. सरळ भावासमोर उभी राहिली. "दादा, माझ्या हातावर या आपाची मेंदी आहे. आपा सुटल्याशिवाय मी सासरी जाणार नाही."

"येडी झाली का तू? पाव्हणे काय म्हनतील?"

"माईकवर आपाचं नाव घेताना विचारलं होतंस पाव्हण्यांना?"

आपा, नवरी, भाऊ यांच्यासह पंच घेऊन आम्ही बंगल्यावर गेलो. नवरीच्या खोलीत गौरीहर मांडला होता, म्हणजे बोहल्यावर जाण्याआधी नवरी जिथं देवीची पूजा करत बसते ती जागा. नवरीची आई म्हणाली, "माळ शालूच्या जरीत अडकत व्हती, म्हनून काढली आन् देवीच्या खणाखाली ठिवली. देवीपरीस राखण कोन करील?"

ताम्हनात नुसते विस्कटलेले तांदूळ होते. मी विचारलं, "मग देवी कुठं आहे?"

सगळे ताम्हनात वाकून बघायला लागले. माळ गेली हे सगळ्यांनी पाहिलं होतं. देवीही गेली, हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. भाऊ पुटपुटला, "ती पितळंची. तिच्याकडं कोन बघतंय?"

गौरीहरामागे सजावटवाल्याने फुलांचा पडदा सोडला होता. मी तो बाजूला केला. मागे दुसरं दार, अर्धवट उघडं. बाहेर मागच्या व्हरांड्यात तांदळाचे दाणे सांडलेले. मांडवातल्या अक्षता कुंकवाने लाल होत्या. हे दाणे पांढरे होते, ताम्हनातले. आणि ते जात होते जानवशाकडे, वऱ्हाड उतरलं होतं त्या खोल्यांकडे.

आमच्या हवालदारबाई परभणीकडच्या. त्या हसायलाच लागल्या. "साहेब, हसू नाही, पण नवऱ्याकडची मंडळी मराठवाड्याची ना? आमच्याकडं नवरदेव गौरीहराची देवी चोरतो. लक्ष्मी घरी आणली म्हणायचं. रीतच हाय."

जानवशात जाऊन मी माळेचा विषयच काढला नाही. म्हणालो, "देवी कुणी चोरली?"

नवरदेवाची आत्या ऐटीत उठली. "मी! पोरगं फोटोवाल्याच्या तावडीत होतं, मनून मी उचलली. पण नवरीनं माप ओलांडल्याबिगर दाखवायची नसती. तुमी कामून मधी येताव?"

पर्स उघडली. देवी खणात गुंडाळलेली, आणि खणाच्या घडीत मोहनमाळ. आत्याबाईंचं तोंड उतरलं. "आई गं! मला वाटलं देवीच जड हाय."

नवरी मुकाट्याने सासरी गेली असती, तर माळ तिथं सापडली असती. दोन्ही घरं पोट धरून हसली असती. आणि आपा दापोडीत चोर म्हणून जगली असती. ठाण्यात परत येऊन "त्या बाईचा दोष नव्हता" असं सांगायला कोण आलं असतं? कुणीही नाही!

भावाने हात जोडले. "चुकलं, ताई. चला, जेवून घ्या."

"जेवते. आधी माईकवर सांगा," आपा म्हणाली. "ज्यावरून मला चोर केलंत, त्याच माईकवर."

तो घुटमळला. नवरीने माईक त्याच्या हातात दिला. बोलला बिचारा, अडखळत का होईना, पण नाव घेऊन बोलला. मग आपा नवरीशेजारी पंगतीत बसली. जिलबी वाढायला आत्याबाईच पुढे. "घ्या वं, चोर तर मी निघाले. तुमी कामून लाजता?" आपा हसली तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

मी ऋणी आहे. त्या नवरीचा, जिने स्वतःची वरात अडवली. आमच्या हवालदारबाईंचा. आणि भर मांडवात अपमान होऊनही आपल्या नावासाठी ताठ उभ्या राहिलेल्या आपाचा. गुन्हा कसा शोधायचा हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. संशय पहिल्यांदा कुणावर घ्यायचा नाही, हे या तिघींनी शिकवलं.

आता तुम्हाला सांगतो. हो, तुम्हालाच. तुमच्या घरच्या लग्नात काही हरवलं, तर मेंदीवालीची, वाढप्याची, भांडी घासणारीची पिशवी उलटी करण्याआधी स्वतःची पर्स उघडा. आत्याची उघडा, मावशीची उघडा. आणि आळ माईकवरून घेतला असेल, तर माफीही माईकवरूनच मागा. जिलबीच्या ताटावर भागवू नका.