मावशीच्या दोऱ्याचं दुसरं टोक

उभ्या सुरतेत गाठ मारण्यात माझ्या जावेच्या मावशीचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि तिने मारलेली गाठ सोडवणारं माणूस तर अजून जन्माला यायचंय. पांडेसऱ्याच्या लूमखात्यात तिने वीस वर्षं बीम जोडले. जुना बीम, म्हणजे ताण्याच्या तारांचा रूळ, संपत आला की त्याच्या हजारो तारांच्या शेपटांना नव्या बीमची एकेक तार बांधायची, हे तिचं काम. पुढे डोळे अधू झाले, कारखाना सुटला, पण बोटं ऐकेनात. डिंडोलीतल्या तिच्या खोलीत दुधाची किटली खिडकीला बांधलेली असे आणि चपला एकमेकींना. पाहुणा चहा पिऊन उठेपर्यंत त्याच्या पिशवीचे बंद गाठी मारून बसलेले. एका लग्नात नवरा-नवरीची गाठ सैल लागली म्हणून हिने ती जराशी नीट केली. उपरण्याला कात्री लावायला वरमाय तयार होईना, तेव्हा ती जोडी नंदुरबारपर्यंत एकमेकांना बांधलेलीच गेली. मावशीला त्यात काही वावगं वाटलं नाही. लग्न म्हणजे काय मग, असं तिचं म्हणणं.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराला मॅक्रमेच्या, म्हणजे दोऱ्याला गाठी मारून केलेल्या, माळांची टूम निघाली. सोसायटीतल्या बायका क्लास लावत होत्या. मावशीने बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईच्या गळ्यातली माळ बोटांनी नीट चाचपली, ती बाई ओरडायच्या आत उतरली आणि घरी येऊन तश्शी माळ केली. मी शिकायला गेले ते सासूबाईंच्या रागाने. माझ्या हाताला वळण नाही असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. वैशाखात नणंदेचं लग्न होतं. म्हटलं, स्वतःच्या हाताने केलेली माळ तिच्या गळ्यात घालीन तरच नावाची.

शिकणं तसं सोपं. लांब दोरा चौपदरी करून खिळ्याला अडकवायचा, मधले दोन पदर ताणून धरायचे, बाहेरच्या दोघांची एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून गाठ मारायची, मग मणी, मग परत गाठ. माझी पहिली माळ मावशीने हातात घेतली आणि ही पाल कुठे सापडली असं अगदी मनापासून विचारलं. मी रडकुंडीला आले. तेव्हाच लक्षात आलं की खिळा फक्त मलाच दिलाय. मावशीचा दोरा पडद्याखालून आतल्या खोलीत जात होता आणि तारेसारखा ताणलेला होता. आत तर कोणी राहत नव्हतं.

मी विचारलं, तेव्हा मान वर न करता तिच्या अहिराणीत म्हणाली, "तुना दोरा धराले कोनी नै, म्हनून तुले खिळा. माले मनी पोर धरस."

तिची पोर नऊ वर्षांची होऊन तापात गेली, त्याला दहा वर्षं झाली होती. मावशी घरी गाठींचा सराव करायची तेव्हा समोर पाटावर बसून ती टोक धरायची, हे जावेने मला सांगितलं होतं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. तरी मी पडदा उचलून पाहिला. आत एक पाट होता, पाटावर दोऱ्याचं टोक, त्याला पोरीच्या हातच्या चार वेड्यावाकड्या गाठी. कुठे बांधलेलं नाही, कशाखाली दाबलेलं नाही. मी पाहत होते तेवढा वेळ दोरा ढिला पडला होता. पडदा सोडला आणि तो परत ताणला गेला.

मावशीचा नियम लूमखात्यातलाच. कापड कापून न्यायचं, तारांची शेपटं लूमवर ठेवायची. तशी माळ पुरी झाली की माळ कापायची, शेपूट ठेवायचं, आणि पुढची माळ त्यालाच जोडायची. दहा वर्षांत, माळांच्या आधीच्या सरावातही, तिने एकही दोरा नव्याने सुरू केला नव्हता. माझा हात बसला तेव्हा नणंदेची माळही त्याच दोऱ्यावर कर म्हणाली. मी हो म्हटलं, पण मनात आलं, नवरीच्या गळ्यात मेलेल्या पोरीचा दोरा! सासूबाईंना कळलं तर? मावशीला दिसत नाही असं पाहून मी पडद्यापाशी कात्री चालवली.

आत पाट सरकल्याचा आवाज झाला. मावशीचे हात थांबले.

"ती उठनी व माय," एवढंच म्हणाली.

चार दिवस मावशीने गाठ मारली नाही. चपला सुट्या, किटली सुटी. पाचव्या दिवशी तिच्याकडचा पाहुणा पिशवी तशीच घेऊन निघाला आणि मला रडू फुटलं. लाज वाटली हो स्वतःची. शकुन-अपशकुन करत मी एका आईच्या हातातून तिची पोर सोडवली होती. मी पडद्यापाशी बसले, दोन्ही टोकं घेतली, मावशीने शिकवली तशी थुंकी लावून चिमटीत वळवली आणि बीमवाल्यांची ती बारीक गाठ मारली. दोरा जमिनीवर पडून राहिला. मी तशीच बसले. मग तो हळूच उचलला गेला, आणि माझ्या बोटांना ओढ लागली, लहान मुलाने पदर ओढावा तेवढीच. मी पडदा उचलला नाही. मावशीने मात्र हात पुढे केला, दोरा चाचपला आणि माझ्या ओढणीच्या टोकाला गाठ मारली.

नणंदेची माळ त्याच दोऱ्यावर झाली. सासूबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत बसल्या.

मावशी गेली त्या सकाळी तिने दोरा माझ्या मुठीत ठेवला. "सोडू नको," म्हणाली. मी नाही सोडला. आजही मी मावशीच्या खोलीत माळा करायला बसले की दोरा पडद्याखालून आत जातो आणि ताणलेला राहतो. पूर्वीपेक्षा ओढ जास्त आहे, दोन जणी धरल्यासारखी. मधूनच तो ढिला पडतो, तेव्हा मी काम थांबवते. बोलत असतील मायलेकी, म्हणते. तिने दिलेला खिळा अजून भिंतीत आहे. मी त्यावर कॅलेंडर लावते.