विमलताईंची गार पट्टी

महागावच्या एका दवाखान्यात विमलताई बावीस वर्षांपासून ड्रेसिंग करतात. पट्टी बांधण्यापेक्षा ती न दुखवता काढण्याकडेच त्यांचं लक्ष जास्त. पेशंट कण्हला की त्यांचा दिवस खराब जातो.

एप्रिलमध्ये तांड्यावरच्या लालीबाई आल्या. पुऱ्या तळताना हातावर तेल उडालं होतं. घरी कापड बांधलं, ते जखमेला चिकटलं आणि सुनेनं ओढलं तेव्हा सोबत कातडीही निघाली. आता दुसरं कापड चिकटलं होतं.

"हात लावू देनार नाही मी," लालीबाईंनी हात पदराखाली घेतला.

"नका देऊ. पानी तर टाकू द्या."

विमलताईंनी अर्धा तास सलाईनचं पाणी कापडावर थेंब थेंब सोडलं. कापड आपोआप सुटलं. मग त्यांनी पाण्यानं फुगलेली, आरपार दिसणारी, गार जेलची पट्टी जखमेवर ठेवली.

"लेकरं खातात ते जेली हाय काय हे?"

"खाऊ नका फक्त."

दुसऱ्या दिवशी लालीबाई हसतच आल्या. "बाई, तुमची पट्टी ऑटोतच घसरली. बाजूच्या मान्साच्या मांडीवर पडली."

विमलताई ओशाळल्या. उन्हानं हात घामेजला होता आणि ओल्या कातडीवर जेल टिकत नव्हती. त्यांनी लालीबाईंना पंख्याखाली बसवलं, जखमेभोवतीची कातडी अलगद टिपून कोरडी केली, नवी पट्टी ठेवून तिच्या कडांवर दोन मिनिटं तळहात दाबून धरला. वरून सैल बँडेज. यावेळी पट्टी बसली.

तीन दिवसांनी लालीबाईंनाच धास्ती. पट्टी एवढी घट्ट बसली, आता निघताना काय होणार?

विमलताईंनी कडेला पाणी सोडत विचारलं, "बकऱ्या किती हायेत घरी?"

बकऱ्या सात होत्या आणि त्यातल्या एकीनं जावयाचा नवा शर्ट खाल्ला होता. ती हकीकत लांबली. शेवटी लालीबाईंनी डोळे घट्ट मिटले. "काढा आता."

"कायले? निघाली ना."

त्यांनी डोळे उघडले. खाली गुलाबी कातडी दिसत होती. त्या बराच वेळ हाताकडे बघत राहिल्या. मग नवी पट्टी कापून उरलेला जेलचा तुकडा मागून घेतला आणि टेबलावर चिकटव, सोडव, करत बसल्या.

मे संपता संपता हात बरा झाला. जूनमध्ये विमलताईंना त्यांचा फोन आला.

"बाई, सुनेच्या पायाले लागलं. कापड चिकटलं, पन मी कोनाले ओढू देलं नाही. तिले घेऊन येऊन राह्यली."