आकडा न सांगणाऱ्या सरपंचबाई

करजाळवाडीच्या सरपंच गोजाबाई यांना काहीही विचारा, उत्तर मिळेल. पाऊस कधी येणार, कुणाच्या घरात कशावरून जुंपली, नळाला पाणी का नाही, सगळं सांगतील. फक्त 'किती' एवढं विचारू नका. मेंढरं किती, नातवंडं किती, वय किती, सगळ्याला त्यांचं एकच उत्तर, "हायत की भरपूर!" कळप मोजला की त्याला नजर लागते, हे त्यांना लग्नानंतर सासूने बजावलं होतं. सासूचं बाकी काही त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही, हे मात्र पक्कं धरून ठेवलं.

मग कळप पुरा आहे हे कळायचं कसं? धनगरांची त्यावर जुनी रीत आहे. संध्याकाळी वाघरीचं, म्हणजे जाळीच्या कुंपणाचं, तोंड एक मेंढरू मावेल इतपतच उघडायचं आणि प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवत एकेकाला आत सोडायचं. हाताखालून जे गेलं नाही, ते मागं राहिलं. मग कंदील घेऊन शोधायला निघायचं.

अशा बाई सरपंच कशा झाल्या, ती गंमतच आहे. दक्षिण सोलापुरातल्या या गावाचं पुढारपण आजवर पृथ्वीराज पाटलांच्या घरात होतं. आजा सरपंच, बाप सरपंच, स्वतः दोनदा सरपंच. या खेपेला जागा मागास प्रवर्गातल्या बाईसाठी राखीव निघाली, म्हणजे पाटलांच्या घरात बसणार नाही अशी. मग पृथ्वीराजदादांची नजर धनगरवस्तीवर गेली. गोजाबाईंना सही करता येत होती आणि दिवाळीनंतर त्या नवऱ्यासोबत मेंढरं घेऊन भीमेकाठी जात. गावात नसणारा सरपंच म्हणजे दादांना सोन्याहून पिवळं.

"आक्का, तुमी निस्ती सही करायची. बाकी मी हाय की," दादा म्हणाले.

"व्हय," गोजाबाई म्हणाल्या.

आता गोजाबाई दोन कारणांनी व्हय म्हणतात. एक, पटलं म्हणून. दुसरं, समोरच्याचं बोलणं एकदाचं थांबावं म्हणून. दादांना हा फरक ठाऊक नव्हता. पहिल्याच ग्रामसभेत गटारीवरून माणसं एकमेकांच्या अंगावर धावून गेली, तेव्हा बाईंनी खुर्चीत बसल्या बसल्या मेंढरं वळवायची आरोळी ठोकली. सभा जागच्या जागी गप्प झाली. बाहेरच्या दोन शेळ्या तेवढ्या आत आल्या.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि त्यांचे मालक सिद्धाप्पा मेंढरं घेऊन एकटेच निघाले, कारण बाईंच्या जिवाला घोर लागला होता. घोर शाळेचा होता.

गावची जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे दोन खोल्या, एक कडुनिंब आणि अजिनाथ गुरुजी. गोजाबाई माहेरच्याही याच गावच्या, म्हणून त्याही इथंच दुसरीपर्यंत शिकलेल्या. दिवाळीनंतर आईबाप कळप घेऊन निघायचे, पोरीला सोबत न्यायचे. जेठात परत येईतो वर्ग पुढं गेलेला आणि हजेरीतून नाव गेलेलं. दोन वर्षं असं झालं, तिसऱ्या वर्षी कुणी विचारलंच नाही. याचं त्यांना अजून वाईट वाटतं, आणि तसं त्या कुणाहीसमोर बोलून दाखवतात.

आता तर सगळाच खेळ बिघडला होता. बऱ्या घरची पोरं सकाळी पिवळ्या बसमधून सोलापूरला इंग्रजी शाळेत जायची. पृथ्वीराजदादा स्वतः याच कडुनिंबाखाली बाराखडी शिकलेले, पण त्यांची लेक ऋतुजाही त्याच बसमध्ये. धनगरांची पोरं दिवाळीनंतर कळपामागं जायची. मागं उरायची ती कुणाचीच पोरं नसल्यासारखी वर्गात इकडं-तिकडं विखरून बसायची.

"सरपंचबाई, संक्रांतीनंतर सोलापूरहून पट बघायला येणार आहेत," गुरुजी म्हणाले. "पोरं दिसली नाहीत तर शाळा बंद. ओढ्यापलीकडच्या शाळेत घालतील."

ओढा पावसात छातीभर चढतो. पोरांना कुणीतरी खांद्यावर बसवून नेईल, पोरींना म्हणतील घरीच बस. बाईंना हे सांगायला लागत नव्हतं.

त्यांनी विचार केला तो मेंढरांच्या हिशेबाने, दुसरा हिशेब त्यांच्याजवळ नव्हता. मेंढ्या चरायला रानात जातात तेव्हा तान्ही कोकरं त्यांच्यामागं फरपटत नेत नाहीत. ती तळावर ठेवतात आणि एक म्हातारी त्यांच्यापाशी बसते. मग पोरांचंही तसंच करू. कळप जाऊ दे, पोरं शाळेशेजारच्या समाजमंदिरात राहू देत. म्हाताऱ्या तर गावात बसूनच आहेत.

अडचण एकच होती. समाजमंदिरात दादांना व्यायामशाळा करायची होती. ग्रामसभेत त्यांनी तरुणाईवर आणि आरोग्यावर चांगलं पल्लेदार भाषण केलं. मग गोजाबाई उठल्या.

"व्यायाम पायजे तर म्हयनाभर मेंढरामागं चला की," त्या म्हणाल्या. "ह्या शाळंनं मला दुसरीत सोडलं. ह्या पोरींस्नी सोडू देनार न्हाय मी. कोन कोन माज्या बाजूला हाय, हात वर करा."

हात वर झाले. ग्रामसेवक मोजायला उठला तसं बाईंनी त्याला खाली बसवलं. "मोजू नगा! निस्तं बघा." बघितलं तरी पुरत होतं. दादांचं तोंड पडलं.

समाजमंदिर भरलं. प्रत्येक पोराने आईचं एक लुगडं अंथरुणाला आणलं. भाकऱ्या थापायला म्हाताऱ्या आळीपाळीने येऊ लागल्या, आणि तिसऱ्या दिवशी काठी टेकत कोण यावं, तर दादांची आई केराबाई!

"माज्या घरात खोल्याच खोल्या, आनि बोलायला टीवी," त्या म्हणाल्या. "हितं बरं हाय." त्यांनी परात ओढली ती ओढलीच. दादा न्यायला आले तर त्यांच्याच हाताला पीठ लावून परत पाठवलं. दुपारी ऋतुजाही बसमधून उतरली की आजीला शोधत इकडंच येऊ लागली. तिला बस लागायची. उतरताना तोंड पांढरंफटक असायचं आणि इथं पोरांत मिसळली की घटकाभरात लाल व्हायचं.

संक्रांत झाली आणि सोलापूरहून विस्तार अधिकारी मॅडम थेट समाजमंदिरात आल्या. आदल्याच आठवड्यात कुठल्याशा गावी त्यांना हजेरीत भरपूर नावं आणि वर्गात मोकळ्या सतरंज्या सापडल्या होत्या, त्यामुळे त्या आधीच तापलेल्या होत्या.

"किती मुलं राहतात इथं?" त्यांनी विचारलं.

गोजाबाईंनी पदर सावरला. "हायत की," त्या म्हणाल्या. "भरपूर."

"आकडा सांगा."

बाईंना आकडा येत होता. एक शब्द बोलला की शाळा वाचत होती. पण तो शब्द ओठाशी आला की एकेक पोर डोळ्यासमोर यायचं आणि वाटायचं, आपण बोललो आणि ह्यातल्या एखाद्याला काही झालं तर? त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. गुरुजींनी हजेरी पुढं केली. मॅडमच्या कपाळावर आठी चढली.

"मॅडम, मी सांगतो," पृथ्वीराजदादा पुढं झाले. "सरपंचबाई जरा अडाणी हायत. कागदावर हायत तेवडी पोरं काय नसत्यात हितं."

"पृथ्वी!" आतून केराबाई कडाडल्या. "भाकरी मी थापते का तू?"

दादा दोन पावलं मागं सरले. पण शंका घालायची ती घालून झाली होती. तेव्हा गोजाबाई दाराशी गेल्या आणि त्यांनी दाराची एक फळी लावून घेतली.

"मॅडम, मी आकडा बोलनार न्हाय. आमच्यात बोलत न्हाईत. तुमी हितं उबं ऱ्हावा आनि मनातल्या मनात मोजा. त्वांडानं मात्र नगा."

मग त्यांनी नेहमीची आरोळी दिली. कडुनिंबाखालून, वर्गातून, हापशापासून पोरं धावत आली आणि ओळीने एकेक दारातून आत जाऊ लागली. प्रत्येकाच्या डोक्यावर बाईंचा हात पडत होता. "हा शिवप्पाचा... ही माजी नात... आरं शेंबूड पूस... ही वरल्या वस्तीची." मॅडमचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. शेवटचं पोर आत गेलं तेव्हा त्यांच्या कपाळावरची आठी पार गेली होती आणि त्या हसत होत्या. त्यांनी हजेरीशी ताडून पाहिलं, सही ठोकली आणि म्हणाल्या, "गुरुजी, शाळा बंद करायचं कारण नाही." आकडा किती होता, ते मीही सांगणार नाही. गोजाबाईंच्या कानावर जायचं.

पोरांनी एकच गिल्ला केला. गुरुजींनी डोळे पुसले. दारातून हलल्या नाहीत त्या एकट्या गोजाबाई.

"एक कमी हाय," त्या म्हणाल्या.

"बाई, आता गप्प बसा," गुरुजी काकुळतीला आले. "सगळी आली. मॅडमनी लिहिलंसुद्धा."

"कमी हाय. माज्या हाताला कळतंय."

इतक्यात फाट्यावर पिवळी बस थांबली. पाठीवरचं ओझं सावरत, पांढऱ्या पडलेल्या तोंडाने ऋतुजा आली आणि बापाकडं न बघता रोजच्या सवयीने थेट दारात शिरली. बाईंचा हात तिच्या डोक्यावर गेला आणि तिथंच थांबला.

"दादा, ही बगा. गावाची सगळी आत गेली. मागं ऱ्हायली ती तुमची."

पृथ्वीराजदादांना भाषणाची कधी वाण नसते. त्या दिवशी त्यांनी नुसतं लेकीच्या पांढऱ्या तोंडाकडं बघितलं.

जून उजाडला. कळप परत आले, सिद्धाप्पांनी शाळेला एक कोकरू देऊ केलं, ते गुरुजींनी हात जोडून नाकारलं. शाळेच्या पहिल्या दिवशी गोजाबाई दाराशी उभ्या होत्या. फाट्यावर पिवळी बस आली, जरा वेळ थांबली आणि गेली. पाठोपाठ दादांची फटफटी शाळेपाशी आली, पुढं ऋतुजा बसलेली.

"तिला बस लागती," कुणी न विचारताच दादा म्हणाले. "म्हणून हितं."

"व्हय," गोजाबाई म्हणाल्या. हा पहिल्या जातीचा व्हय होता.

ऋतुजा त्यांच्या हाताखालून आत पळाली. तिचं दप्तर बापाच्याच खांद्यावर राहिलेलं. ते द्यायला दादा मागोमाग निघाले. शाळेचं दार जुनं, बुटकं. आत शिरताना त्यांनी मान वाकवली, आणि बाईंचा हात सवयीने त्यांच्याही डोक्यावर पडला.

दादा तसेच वाकून थांबले. आतून पोरं खिदळली, गुरुजींनी तोंड फिरवलं. बाईंनी मात्र हात काढला नाही.

"आता भरली," त्या म्हणाल्या.