लाइलच्या पंखातल्या तारखा

आमच्या इंडियानातल्या छोट्या मॉडेल विमानांच्या क्लबात नियम एकच: लाकडी विमान ज्यानं जोडलं, त्यानंच स्पर्धेत उडवायचं. लाइल हॉकेटची दोन बोटं कारखान्यात तुटलेली. तरी त्यानं किटमधल्या बाल्साच्या, म्हणजे अगदी हलक्या लाकडाच्या, काड्या चिकटवत अख्खा हिवाळा काढला.

आणि स्पर्धेचा पंच, हा कालचा पोरगा, त्याच्या हाताकडे बघून विचारतो, "आजोबा, खरं सांगा, कुणाकडून करून घेतलंत?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पुढे सरसावलो, तर लाइलनं मलाच थांबवलं. चाकू काढून त्यानं पंखावरचा कागद टराटरा फाडला. आतल्या प्रत्येक काडीवर पेन्सिलीनं त्याची वेडीवाकडी सही, खाली तारीख.

पंच ओशाळला. "बरं बरं, उडवा आता."

लाइलनं ते फाटकं विमान त्याच्याच हातात कोंबलं. "घे. तूच उडव."